पीसी व्हीआरचं पुढे काय? एका सविस्तर प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : घरी चांगला गेमिंग पीसी आहे, ग्राफिक्स कार्ड मधल्या फळीतलं आहे, व्हीआरमधला (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचं आभासी जग) ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ खेळून झाला आणि त्यानंतर त्या तोडीचं काही सापडत नाही. बहुतेक स्टुडिओ आता क्वेस्टसाठीच, म्हणजे मेटाच्या (पूर्वीच्या फेसबुकच्या) पीसीशिवाय चालणाऱ्या हेडसेटसाठीच, गेम काढतात. मग पीसीवरच्या व्हीआर गेमिंगला भविष्य आहे का? हेडसेट आत्ता घ्यावा की थांबावं?

भविष्य आहे. पण ‘फक्त व्हीआरसाठी बनवलेला भव्य पीसी गेम’ या रूपात मला ते दिसत नाही. एरवी मॉनिटरवर चालणाऱ्या गेममध्येच व्हीआर हा आणखी एक मोड म्हणून असणार, आणि पीसी व्हीआर टिकणार-वाढणार तो त्या वाटेने. ही वाढ किती होईल हे बऱ्याच अंशी हेडसेटच्या आत बसवलेल्या, डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांवर ठरेल. मी व्हीआर गेमच्या रेंडरिंगवर (पडद्यावरचं चित्र काढण्यावर) काम करतो. म्हणजे गेम प्रत्येक फ्रेम (एकेक चित्र) ठरलेल्या वेळात काढून देतोय की नाही, नसेल तर वेळ कुठे जातोय, हे शोधणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तराचा मोठा भाग त्या बाजूने येईल, हे आधीच सांगतो.

आधी पैशाचं बघू, कारण गेम का येत नाहीत याचं उत्तर तिथे आहे. हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसने २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर सुमारे २४ लाख डॉलर उभे केले. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. २०१६ च्या मार्चअखेर ऑक्युलसचा रिफ्ट हेडसेट आला आणि एप्रिलमध्ये एचटीसीचा वाइव्ह. पुढची चार-पाच वर्षं पीसीसाठी जे मोठे व्हीआर गेम आले, त्यांतल्या अनेकांमागे हेडसेट विकणाऱ्या कंपनीचाच पैसा होता. ‘लोन एको’, ‘अ‍ॅसगार्ड्स रॅथ’ ही त्याच काळातली नावं. विक्रीतून खर्च भरून यावा ही तिथे मुख्य अपेक्षा नव्हती. लोकांनी हेडसेट घ्यावा हा हेतू होता. मग २०२० च्या ऑक्टोबरमध्ये २९९ डॉलरला क्वेस्ट २ आला, पीसीशिवाय चालणारा, आणि तो पैसा तिकडे वळला. २०२१ मध्ये आलेला ‘लोन एको २’ हा त्या पिढीचा शेवटचा मोठा पीसी गेम म्हणता येईल. ‘अ‍ॅसगार्ड्स रॅथ’चा दुसरा भाग २०२३ मध्ये आला तो फक्त क्वेस्टवर. ‘लोन एको’ बनवणारा रेडी ॲट डॉन स्टुडिओ २०२४ मध्ये बंद झाला. मायक्रोसॉफ्टने हेडसेट चालवणारी आपली विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी मोडीत काढली आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनच टाकली, त्यामुळे कित्येकांचे चालू हेडसेट अपडेटनंतर निरुपयोगी झाले. ग्राहकांना इतकं वाऱ्यावर सोडलेलं मला अजूनही खटकतं.

आता खेळणारे किती ते पाहा. पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या हार्डवेअर सर्वेक्षणात व्हीआर हेडसेट असलेल्यांचं प्रमाण गेली काही वर्षं दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळतंय. २०२१ मध्ये स्टीमवर महिन्याला १३ कोटींच्या आसपास लोक सक्रिय होते. त्याचे दोन टक्के म्हणजे २६ लाख. छोट्या चमूला पोट भरायला हा आकडा पुरेसा आहे. मोठ्या बजेटच्या, फक्त व्हीआरमध्ये चालणाऱ्या गेमला तो पुरत नाही, कारण त्या २६ लाखांतला प्रत्येक जण काही तुमचा गेम घेणार नाही. ‘ॲलिक्स’ शक्य झाला तो व्हॉल्व्हमुळे, म्हणजे स्टीम चालवणाऱ्या कंपनीमुळे. दुकान त्यांचं, हेडसेटही त्यांचा, आणि एका गेमच्या विक्रीवर त्यांचं काही अडत नव्हतं. अशी दुसरी कंपनी पीसीच्या जगात नाही. म्हणून ‘पुढचा ॲलिक्स कधी?’ या प्रश्नावर मी कुणालाही आशा लावत नाही.

पण हेच गणित उलट बाजूने मांडलं की चित्र बदलतं. गेम आधीच तयार आहे, मॉनिटरवर खेळणाऱ्यांनी त्याचा खर्च भरून काढला आहे, आणि वरून व्हीआर मोड जोडायचा आहे. आता तेच दोन टक्के वरकमाई ठरतात. सिम्युलेटरच्या जगात हे केव्हाच घडलंय. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डिसेंबर २०२० मध्ये व्हीआर आलं. लढाऊ विमानांचं डीसीएस वर्ल्ड, शर्यतींचे आयरेसिंग, असेटो कोर्सा यांत ते त्याही आधीपासून होतं. या गेम्सचे निर्माते व्हीआरवाल्यांना वेगळा ग्राहक मानत नाहीत, आणि म्हणून हेडसेटच्या बाजारात चढउतार आले तरी त्यांचा पाठिंबा सुटत नाही.

सिम्युलेटर व्हीआरमध्ये इतके चपखल का बसतात, हे समजून घेण्यासारखं आहे. बसून खेळायचं असल्यामुळे शरीर आणि गेम यांच्यात मुळातच कमी भांडण होतं. कॉकपिट किंवा डॅशबोर्ड डोळ्यांसमोर स्थिर असतो, त्यामुळे बाहेरचं जग वेगाने सरकलं तरी मेंदूला धरायला काहीतरी असतं आणि मळमळ कमी होते. हातात खरं स्टिअरिंग असतं, म्हणजे आभासी हातांचा प्रश्नच येत नाही. आणि अंतराची खोली दिसते. मॉनिटरवर वळण जवळ येतं तेव्हा ब्रेक कुठे लावायचा हे आपण कडेच्या पाट्या पाठ करून ठरवतो. हेडसेटमध्ये मान वळवून वळणाच्या आतल्या कडेकडे पाहता येतं, रंगवलेला कर्ब नेमका किती दूर आहे ते जाणवतं, रस्ता चढतोय की उतरतोय हे कळतं. शेजारची गाडी खांद्याजवळ आलेली डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते. ज्याला याची सवय झाली तो तीन मॉनिटरच्या रचनेकडे सहसा परत जात नाही.

बाकीच्या गेमचं काय? इथे दोन गोष्टी शांतपणे बदलल्या आहेत. पहिली, ओपनएक्सआर. २०१९ मध्ये क्रोनोस ग्रुपने हे मानक जाहीर केलं आणि प्रत्येक कंपनीच्या हेडसेटसाठी वेगळा कोड लिहायची कटकट बरीच संपली. दुसरी म्हणजे मॉड करणाऱ्यांनी, म्हणजे तयार गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या हौशी लोकांनी, दाखवून दिलेली वाट. अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढायची सोय आतच असते. गेम व्हीआरचा नसला तरी तो कोड बहुधा तिथे झोपलेला असतो. ‘यूईव्हीआर’ नावाचं मोफत साधन त्याला जागं करतं, आणि अनरियल ४ व ५ वरचे असंख्य गेम हेडसेटमध्ये उघडता येतात. काही अप्रतिम चालतात, काहींत सावल्या एकाच डोळ्याला दिसतात, काहींत मेनू नाकावर चिकटून बसतो. तरीही एका माणसाच्या पुढाकारातून सुरू झालेल्या कामाने जे साधलं ते पाहिल्यावर ‘व्हीआर मोड फार खर्चिक असतो’ हे मोठ्या स्टुडिओंचं म्हणणं मला पूर्वीइतकं पटत नाही.

अर्थात खर्च कुठे आहे तेही सांगायला हवं. चित्र दोनदा काढणं हा सोपा भाग. अवघड भाग हातांचा. ‘ॲलिक्स’मध्ये पिस्तूल भरायचं तर बटण दाबून रिकामं मॅगझिन खाली पाडायचं, हात खांद्यामागे नेऊन नवं काढायचं, मुठीत सरकवायचं आणि मग वरची स्लाइड मागे ओढायची. समोरून शत्रू सरकत येत असताना हे करताना घाईत मॅगझिन हातातून निसटतं आणि जमिनीवर पडतं. त्या चार सेकंदांत सगळी भीती भरलेली आहे. म्हणूनच तिथले शत्रू संथ चालतात, गोळीबाराच्या जागा छोट्या असतात, खोल्यांत लपायला आडोसे असतात. अख्खा गेम त्या हातांच्या वेगाला धरून रचलाय. मॉनिटरसाठी लिहिलेल्या गेममध्ये ‘आर’ दाबला की बंदूक भरते आणि शत्रूंची संख्या त्या हिशेबाने ठरलेली असते. त्यात नुसते हात घातले तर खेळणारा दर लढाईत मरेल. ‘नो मॅन्स स्काय’ने २०१९ मध्ये मोफत अपडेटमधून व्हीआर दिलं आणि हात, मेनू, जहाजाचा दांडा हे सगळं नव्याने विचार करून बसवलं. ते जमतं, पण त्यासाठी चमूत कुणाला तरी ते मनापासून हवं असावं लागतं.

आता माझ्या कामाच्या गाभ्याकडे येतो. पीसी व्हीआरची खरी अडचण मला पिक्सेल आणि वेळ यांच्या हिशेबात दिसते. ९० हर्ट्झच्या हेडसेटला दर ११.१ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम लागते. मॉनिटरवर एखादी फ्रेम उशिरा आली तर बारीकसा झटका बसतो आणि आपण विसरतो. हेडसेटमध्ये तेवढ्याने जग थरथरतं, आणि पोट लगेच तक्रार करतं. पहिल्या रिफ्ट आणि वाइव्हचा पडदा दोन्ही डोळ्यांचा मिळून २१६० गुणिले १२०० होता, म्हणजे ९० हर्ट्झला सेकंदाला साधारण २३ कोटी पिक्सेल. क्वेस्ट ३ वर हाच आकडा ८२ कोटींच्या घरात जातो. तुलनेसाठी, ४के मॉनिटर ६० हर्ट्झवर चालवला तर ५० कोटी होतात. आणि हा फक्त पडद्याचा आकडा झाला. लेन्स चित्र वाकवते, त्याची भरपाई करायला मूळ चित्र मोठं काढावं लागतं. वाइव्हसाठी व्हॉल्व्हचं स्टीमव्हीआर हे सॉफ्टवेअर प्रत्येक बाजूला १.४ पट मोठं चित्र मागायचं, म्हणजे जवळपास दुप्पट पिक्सेल. आता पिमॅक्स क्रिस्टल सुपरसारख्या हेडसेटमध्ये एकेका डोळ्याला ३८४० गुणिले ३८४० पिक्सेल आहेत. पडदे कार्डांपेक्षा वेगाने पुढे गेले, आणि त्या पडद्यांना पूर्ण न्याय देईल असं कार्ड आज बाजारात नाही.

मॉनिटरच्या जगात ही दरी बुजवायला जे उपाय आले, ते इथे जसेच्या तसे चालत नाहीत. फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालणं) उशीर वाढवतं, आणि व्हीआरमध्ये मान वळवल्यावर चित्र मागे राहिलेलं शरीराला आधी कळतं. २०१६ पासून व्हीआर सॉफ्टवेअर स्वतःच ४५ फ्रेमच्या ९० करतं, पण त्यात हातांच्या आणि स्टिअरिंगच्या कडा लाटांसारख्या हलताना दिसतात. कमी रिझोल्यूशनमध्ये काढून मोठं करणारं डीएलएसएस मात्र उपयोगी पडतं, विशेषतः २०२५ मध्ये त्याचं नवं मॉडेल आल्यापासून दूरचे आकडे आणि तारा पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतात. दुसरीकडे अनरियल ५ मधली ल्यूमेन, नॅनाइट ही भपकेबाज तंत्रं ११ मिलिसेकंदांत बसवणं अजून फार जड जातं. ‘ॲलिक्स’ आजही इतका नितळ दिसतो कारण व्हॉल्व्हने जुनं, सरळ फॉरवर्ड रेंडरिंग आणि एमएसएए (कडा गुळगुळीत करायची पद्धत) निवडलं आणि प्रकाशाचा बराचसा हिशेब आधीच करून ठेवला.

म्हणून मी डोळ्यांचा माग घेण्यावर इतका भर देतो. माणसाच्या नजरेचा अगदी तीक्ष्ण भाग फक्त दोनेक अंशांचा असतो. बाकी सगळं आपण ढोबळ पाहतो. हेडसेटला नजर कुठे आहे हे कळलं तर तेवढाच तुकडा पूर्ण बारकाईने काढायचा आणि उरलेलं निम्म्या-पाव बारकाईने, हे म्हणजे फोव्हिएटेड रेंडरिंग. डीसीएसमध्ये ‘क्वाड व्ह्यूज’ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक डोळ्यासाठी एक मोठं ढोबळ आणि एक छोटं बारीक चित्र काढून, हे नीट बसवलं की दूरच्या विमानाचा ठिपका स्पष्ट दिसतो आणि फ्रेमही टिकतात. आधी दोन्हीतलं एकच मिळायचं. नजर उडी मारते तेव्हा बारीक तुकडा वेळेत तिथे पोचायला हवा. उशीर झाला तर डोळा धूसर भाग पकडतो आणि मग तो दोष नजरेसमोरून हटत नाही. चांगल्या हेडसेटमध्ये हे आता जाणवत नाही.

पण हे सगळ्यांवरचं औषध नाही. प्रोसेसर दमत असेल तर पिक्सेल वाचवून काही उपयोग होत नाही, आणि फ्लाइट सिम्युलेटर नेमके प्रोसेसरला दमवतात. कार्ड घेण्याआधी फ्रेमच्या वेळेचा आलेख उघडून बघा : जीपीयूची (ग्राफिक्स कार्डाची) रेघ ११ मिलिसेकंदांच्या खूप खाली असूनही फ्रेम सुटत असतील, तर महागडं कार्ड घेऊन पैसे वाया जातील.

दुसरा मोठा बदल वायरीचा. २०१८ मध्ये व्हर्च्युअललिंक नावाचं मानक आलं होतं, एका यूएसबी-सी वायरीतून चित्र, वीज, सगळं. काही आरटीएक्स २० कार्डांवर त्यासाठीचं पोर्ट होतं, पण दोनेक वर्षांत ते मानकच विरून गेलं. पुढे वायरच नको हा मार्ग जिंकला : क्वेस्टवर आधी वायरीची लिंक, मग २०२१ मध्ये बिनवायरीची एअर लिंक, सोबत व्हर्च्युअल डेस्कटॉप आणि नंतर स्टीम लिंक. पीसी चित्र काढतो, व्हिडिओत दाबतो, वायफायने पाठवतो, हेडसेट उलगडतो. यात एकूण उशीर साधारण ४० ते ६० मिलिसेकंदांवर जातो. मान वळवण्याचा उशीर हेडसेट स्वतः शेवटच्या क्षणी झाकतो, म्हणून बहुतेक गेममध्ये तो जाणवत नाही. वेगाच्या शर्यतीत आणि तालावर तलवारी चालवायच्या ‘बीट सेबर’च्या वरच्या पातळ्यांवर मात्र तो हाताला कळतो. गर्द झाडीत आणि धुक्यात दाबलेल्या व्हिडिओचे चौकोनही दिसतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने जाहीर केलेला स्टीम फ्रेम हा हेडसेट मला याच कारणाने महत्त्वाचा वाटतो. एका डोळ्याला २१६० गुणिले २१६० हे रिझोल्यूशन आज डोळे दिपवणारं नाही. पण नजरेचा माग घेणारे कॅमेरे त्यात आहेत, आणि व्हॉल्व्ह त्यांचा पहिला उपयोग रेंडरिंगमध्ये नव्हे, तर पीसीवरून होणाऱ्या प्रसारणात करतंय : जिथे बघताय तिथे जास्त डेटा, बाकी ठिकाणी कमी. हे गेमने काही न करता चालतं, म्हणजे जुन्या गेमलाही लागू होतं. सोबत ६ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र ॲडॅप्टर येतो, म्हणजे राउटरच्या भानगडीत पडावं लागत नाही. शिवाय हेडसेटमध्येच स्टीमओएस (व्हॉल्व्हची ऑपरेटिंग सिस्टिम) आहे आणि त्यातल्या मोबाइल फोनसारख्या आर्म चिपवर विंडोजचे गेम भाषांतरित करून चालवायची सोय आहे. जड गेम त्यावर चालणार नाहीत, हलके चालतील. एकच विकत घेतलेला गेम कधी पीसीच्या ताकदीवर आणि कधी नुसत्या हेडसेटवर खेळता येणं, हे छोट्या स्टुडिओंच्या फार कामाचं आहे. क्वेस्टची आवृत्ती वेगळी आणि पीसीची वेगळी, या दुहेरी कामात त्यांची फार दमछाक होते.

वजनाबद्दल थोडक्यात. २०१९ चा व्हॉल्व्ह इंडेक्स ८०० ग्रॅमच्या वर होता. बिगस्क्रीन बियाँड पट्टा सोडून १२७ ग्रॅमचा आहे. दोन तासांच्या शर्यतीनंतर हा फरक मानेला विचारा. हेडसेट कपाटात जाऊन पडण्याचं कारण लोक गेमची कमतरता सांगतात. माझ्या पाहण्यात घाम, वजन आणि सुरू करायला लागणारी पाच मिनिटं ही कारणं जास्त असतात.

तर घ्यावा का? रेसिंग किंवा विमानांचे सिम्युलेटर आवडत असतील तर थांबायचं काहीच कारण नाही. डिस्प्लेपोर्टने थेट जोडला जाणारा हेडसेट घ्या, शक्यतो नजरेचा माग घेणारा, आणि कार्डावर निदान १२, जमल्यास १६ जीबी मेमरी असू द्या. बियाँडसारख्या हेडसेटला बेस स्टेशन (हेडसेटची जागा टिपण्यासाठी खोलीत लावायची उपकरणं) वेगळी घ्यावी लागतात, तो खर्च आधीच धरा. प्लेस्टेशन व्हीआर २ ऑगस्ट २०२४ पासून ॲडॅप्टर लावून पीसीला चालतो आणि त्याच्या ओएलईडी पडद्यावरचा काळोख खरोखर काळा दिसतो, पण पीसीवर त्याचा नजरेचा माग आणि एचडीआर (उजेड-काळोखाचा जास्त मोठा पल्ला) अधिकृतपणे बंद असतात, हे माहीत असू द्या.

थोडं सगळंच खेळायचं असेल तर क्वेस्ट ३ आजही सुरक्षित निवड आहे. पीसी राउटरला वायरीने जोडा, राउटर त्याच खोलीत ठेवा, आणि ५ किंवा ६ गिगाहर्ट्झचा बँड हेडसेटसाठी मोकळा सोडा. निम्म्याहून जास्त तक्रारी एवढ्याने मिटतात. ‘ॲलिक्स’सारखा पुढचा गेम हीच एक अपेक्षा असेल, तर मात्र हेडसेट घेऊ नका. तुमच्याकडे आधीच असलेल्या गेमची यादी काढा, त्यांतल्या किती गेमना व्हीआर मोड आहे किंवा यूईव्हीआरवर ते नीट चालतात ते तपासा. पाच-सहा गेम सापडले तर हेडसेटचे पैसे वसूल होतील.